सेंद्रिय अर्धवाहक स्फटिक : विद्युतभाराची देवघेव आणि तिचे अर्थकारण

कपड्यांच्या कपाटात ठेवली जाणारी डांबराची गोळी सर्वांच्या परिचयाची आहे. ती पूर्वापार नॅप्थालीन या पदार्थापासून बनविली जाते. नॅप्थालीन हा कार्बन आणि हायड्रोजन यांच्या रेणूंचा स्फटिक असून तो कोळशाच्या डांबरातून मिळतो. ॲन्थ्रासीन हे त्याचे निकटचे भावंड. हे पदार्थ वीज वाहून नेत नाहीत आणि प्लॅस्टिक, मेण किंवा साखर यांप्रमाणे त्यांची गणना विद्युतरोधकांत होते. तथापि याच कुळातील पदार्थांनी गेल्या सत्तर वर्षांत पदार्थविज्ञानाला नवी दिशा दिली. आज कोट्यवधी मोबाइल संचांचे पडदे सेंद्रिय रेणूंच्या पातळ थरांमुळे उजळतात. रोधक समजल्या गेलेल्या पदार्थांतून वीज वाहू लागली, यामागे एका रेणूकडून दुसऱ्या रेणूकडे होणारी विद्युतभाराची देवघेव आहे. ही देवघेव कशी होते, ती कोठे अडते आणि भारतासारख्या रंगरसायनांच्या मोठ्या उत्पादक देशाला तिचे महत्त्व काय, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सिलिकॉनमधील हेतुपूर्वक भेसळ

अर्धवाहकांचे तंत्रज्ञान समजून घेण्यासाठी सिलिकॉनपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. सिलिकॉनच्या स्फटिकात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला असतो. त्याचे चारही बाह्य इलेक्ट्रॉन या बंधांत गुंतलेले असल्याने शुद्ध सिलिकॉनमधून सामान्य तापमानाला फारच थोडी वीज वाहते. त्यात पाच बाह्य इलेक्ट्रॉन असलेल्या फॉस्फरसचे काही अणू मिसळले, तर पाचवा इलेक्ट्रॉन बंधांसाठी लागत नाही आणि तो स्फटिकभर फिरू शकतो. तीन बाह्य इलेक्ट्रॉन असलेले बोरॉन मिसळल्यास एका इलेक्ट्रॉनची जागा रिकामी राहते. शेजारचा इलेक्ट्रॉन त्या जागेत येतो, त्याची जागा रिकामी होते आणि अशा रीतीने ही रिकामी जागा धनभाराप्रमाणे पुढे सरकत जाते. परक्या अणूंच्या या हेतुपूर्वक मिसळणीला ‘डोपिंग’ म्हणतात.

डोपिंगचे प्रमाण अत्यल्प असते. दहा लाख सिलिकॉन अणूंमागे फॉस्फरसचा एक अणूदेखील वाहकतेत प्रचंड फरक घडवितो. म्हणूनच मूळ सिलिकॉन ९९.९९९९९९९ टक्के, म्हणजे नऊ वेळा नऊ इतके शुद्ध असावे लागते. पदार्थ आधी कमालीचा शुद्ध करावयाचा आणि नंतर त्यात मोजून भेसळ करावयाची, हा अर्धवाहक उद्योगाचा पाया आहे. नको असलेली अशुद्धी हव्या असलेल्या भेसळीपेक्षा अधिक असेल, तर त्या भेसळीला काही अर्थ उरत नाही.

रेणूंचा स्फटिक वेगळा का?

सेंद्रिय स्फटिकांची घडण निराळी आहे. सिलिकॉनमध्ये संपूर्ण स्फटिक म्हणजे बंधांचे एकच अखंड जाळे असते. ॲन्थ्रासीनच्या स्फटिकात मात्र प्रत्येक रेणू स्वतःपुरता पूर्ण असतो. रेणूच्या आतील बंध बळकट असतात, परंतु एका रेणूला शेजारच्या रेणूजवळ धरून ठेवणारे आकर्षण दुर्बळ असते. डांबराची गोळी कपाटात हळूहळू उडून जाते, याचे कारण हेच आहे. इलेक्ट्रॉनला एका रेणूवरून दुसऱ्या रेणूवर जाणेही त्यामुळे सोपे नसते. सामान्य तापमानाला सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनची गतिशीलता सुमारे १४०० चौरस सेंटीमीटर प्रति व्होल्ट-सेकंद असते. सेंद्रिय स्फटिकांत आघाडीवर असलेल्या रुब्रीनच्या उत्तम स्फटिकांत ती २०च्या आसपास पोहोचते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. विरुद्ध विद्युतभारांमधील आकर्षण किती सौम्य करावयाचे, हे सभोवतालच्या पदार्थावर अवलंबून असते. सिलिकॉन हे आकर्षण सुमारे बारापट कमी करते, तर सेंद्रिय स्फटिक केवळ तीन ते चारपट. परिणामी सिलिकॉनमधील फॉस्फरसपासून त्याचा इलेक्ट्रॉन सोडविण्यासाठी सुमारे ०.०४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकीच ऊर्जा पुरते. सामान्य तापमानाला उष्णतेतून मिळणारी ऊर्जा ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असल्याने ही सुटका सहज होते. सेंद्रिय पदार्थात मात्र एक नॅनोमीटर अंतरावरील धन आणि ऋण भारांना परस्परांपासून दूर नेण्यासाठी सुमारे ०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे उष्णतेतून मिळणाऱ्या ऊर्जेच्या सोळापट ऊर्जा लागते. सेंद्रिय अर्धवाहकांच्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका आकड्यात आहे.

दाता आणि ग्राही

काही रेणू इलेक्ट्रॉन सहज देतात, त्यांना ‘दाता’ म्हणतात. काही तो उत्सुकतेने स्वीकारतात, ते ‘ग्राही’ होत. दोघे एकत्र आले की इलेक्ट्रॉनचा काही अंश दात्याकडून ग्राहीकडे झुकतो आणि बहुधा एक नवा गडद रंग दिसू लागतो. या घटनेचे सैद्धांतिक स्पष्टीकरण अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट मलिकन यांनी १९५२मध्ये मांडले. १९५४मध्ये जपानमधील अकामात्सु, इनोकुची आणि मात्सुनागा यांनी पेरिलीन या सेंद्रिय पदार्थाचा ब्रोमीनशी संयोग घडविला. मूळ पेरिलीन विद्युतरोधक, परंतु हा संयोग चांगला अर्धवाहक निघाला. तो टिकाऊ नव्हता, कारण ब्रोमीन कालांतराने पेरिलीनशी रासायनिक अभिक्रिया करी. तरीही केवळ भाराच्या देवघेवीने रोधक पदार्थ वाहक होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

१९७७मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीन या बहुवारिकावर आयोडीनच्या वाफेची क्रिया केली. त्याची वाहकता सुमारे कोटीपटीने वाढली. या कार्यासाठी तिघांना २०००चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. बहुवारिकातील लांबलचक साखळ्या मात्र बऱ्याच अंशी अस्ताव्यस्त असतात. देवघेवीचे नेमके नियम समजून घेण्यासाठी प्रत्येक रेणूची जागा निश्चित असलेल्या स्फटिकांकडेच वळावे लागते.

अपूर्ण देवघेवीचे रहस्य

या दृष्टीने १९७३ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी अमेरिकेत टेट्राथायाफुल्व्हॅलीन (टीटीएफ) हा दाता आणि टेट्रासायानोक्विनोडायमिथेन (टीसीएनक्यू) हा ग्राही यांच्या संयुक्त स्फटिकात धातूसारखी वाहकता आढळली. सामान्य तापमानाला ती तांब्याच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी होती आणि सेंद्रिय पदार्थासाठी हे प्रमाण असाधारण होते. शिवाय तापमान कमी केल्यावर ती धातूंप्रमाणे वाढत गेली. सुमारे ६० केल्व्हिनपर्यंत ही वाढ होते. पुढे ५४ केल्व्हिनला स्फटिकाची रचना सूक्ष्मरीत्या बदलते, वाहकता झपाट्याने घटते आणि आणखी थंड केल्यावर तोच स्फटिक रोधक बनतो.

या स्फटिकातील प्रत्येक दाता ग्राहीला किती भार देतो, याचे मोजमाप करण्यात आले. उत्तर एक इलेक्ट्रॉन असे नसून सरासरी ०.५९ इलेक्ट्रॉन असे मिळाले. धातूसारख्या वर्तनाचे रहस्य या अपूर्णांकात दडलेले आहे. प्रत्येक दात्याने पूर्ण एक इलेक्ट्रॉन दिला असता, तर प्रत्येक ग्राहीवर बरोबर एक जादा इलेक्ट्रॉन बसला असता. मग एका ग्राहीवरील इलेक्ट्रॉनला शेजारी जावयाचे झाल्यास तेथे आधीच एक इलेक्ट्रॉन हजर असता आणि दोघांमधील प्रतिकर्षणामुळे त्याची वाट अडली असती. गाडीच्या डब्यातील प्रत्येक आसनावर प्रवासी बसला असेल, तर कोणालाही जागा बदलता येत नाही. काही आसने रिकामी असतील तरच हालचाल शक्य होते. सर्वाधिक देवघेव म्हणजे सर्वाधिक वाहकता हा समज येथे खोटा ठरतो.

देवघेवीचे हे प्रमाण मोजण्याची एक सोपी पद्धतही उपलब्ध आहे. टीसीएनक्यूमधील कार्बन-नायट्रोजन बंधाचे कंपन अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने नोंदविता येते. भाररहित रेणूत ते प्रति सेंटीमीटर २२२७ या एककात आढळते, तर पूर्ण एक इलेक्ट्रॉन स्वीकारलेल्या रेणूत ते २१८३वर येते. या दोन टोकांमधील स्थानावरून किती भार सरकला याचा अंदाज बांधता येतो. मोठ्या यंत्रसामग्रीविना, एखाद्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातही ही चाचणी करता येते.

पुढे १९८०मध्ये फ्रान्स आणि डेन्मार्क येथील शास्त्रज्ञांनी टीएमटीएसएफ या दात्याच्या क्षारात सुमारे १२,००० वातावरणांइतक्या दाबाखाली आणि एक केल्व्हिनच्या आसपासच्या तापमानाला अतिवाहकता दाखवून दिली. त्या क्षारात दोन दाता रेणू मिळून एक इलेक्ट्रॉन देतात, म्हणजे प्रत्येकी अर्धा. अपूर्णांकाचे महत्त्व तेथेही अधोरेखित झाले.

मांडणी हाच निर्णायक घटक

केवळ योग्य दाता आणि योग्य ग्राही निवडून भागत नाही. ते स्फटिकात कसे रचले जातात यावर सारे अवलंबून असते. टीटीएफ-टीसीएनक्यूमध्ये दात्यांची उतरंड वेगळी आणि ग्राहींची उतरंड वेगळी असते. प्रत्येक उतरंडीत भार वरपासून खालपर्यंत सरकू शकतो. याउलट अनेक संयुक्त स्फटिकांत दाता, ग्राही, पुन्हा दाता, पुन्हा ग्राही अशी मिश्र उतरंड तयार होते. तेथे प्रत्येक दात्याचा भार शेजारच्या ग्राहीशीच बांधला जातो आणि स्फटिक रोधक किंवा क्षीण अर्धवाहक राहतो.

मिश्र उतरंडीचे एक अभ्यसनीय उदाहरण म्हणजे टीटीएफ आणि क्लोरॅनिल यांचा स्फटिक. सामान्य तापमानाला त्यात भाराचा लहान अंशच सरकलेला असतो. ८१ केल्व्हिनखाली थंड केल्यावर रेणू किंचित जवळ येतात आणि देवघेवीचे प्रमाण एकदम वाढते. रसायने तीच, प्रमाण तेच, केवळ अंतर बदलल्याने स्फटिकाचे स्वरूप पालटते.

२००८मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे केलेला एक प्रयोग याहून बोलका आहे. टीटीएफचा एक स्फटिक आणि टीसीएनक्यूचा एक स्फटिक स्वतंत्रपणे वाढविण्यात आले. दोन्ही विद्युतरोधक होते. ते नुसते एकमेकांवर टेकवून ठेवल्यावर जेथे त्यांचे पृष्ठभाग भिडले, तेथे धातूसारखी वाहकता प्रकट झाली. भाराची देवघेव फक्त सीमेवरच्या रेणूंमध्ये झाली होती, परंतु वीज वाहण्यास तेवढी पुरेशी ठरली.

दिलेला भार आणि मोकळा भार

उद्योगाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त प्रश्न वेगळा आहे. सिलिकॉनप्रमाणे सेंद्रिय अर्धवाहकातही थोडीशी भेसळ करून वाहकता हवी तेवढी वाढविता येईल काय? या कामासाठी टीसीएनक्यूचे फ्लोरीनयुक्त रूप, म्हणजे एफ४-टीसीएनक्यू हा ग्राही मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. फ्लोरीनमुळे त्याची इलेक्ट्रॉन खेचण्याची शक्ती वाढते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे १९९०च्या दशकाच्या अखेरीस झस्त थॅलोसायनिनसारख्या पदार्थांत त्याची नियंत्रित भेसळ करून वाहकता कित्येक पटींनी वाढविण्यात आली.

परंतु लवकरच दोन अडचणी स्पष्ट झाल्या. पहिली अशी की, ग्राहीने इलेक्ट्रॉन घेतला तरी मागे राहिलेला धनभार त्याच्या आकर्षणातून सुटतोच असे नाही. वर उल्लेखिलेली ०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टची बेडी त्याला जखडून ठेवते. एखाद्या योजनेसाठी निधी मंजूर होणे आणि तो गावात प्रत्यक्ष कामावर खर्च होणे यांत जे अंतर असते, तेच येथे दिलेला भार आणि मोकळा भार यांत असते. कागदोपत्री देवघेव पूर्ण झालेली असते, वीज मात्र वाहत नाही. म्हणूनच सेंद्रिय पदार्थांत दहा लाखांत एक एवढी भेसळ सहसा पुरत नाही, ती शेकडा एक किंवा त्याहून अधिक करावी लागते.

दुसरी अडचण अशी की, काही पदार्थांत पूर्ण इलेक्ट्रॉनचे हस्तांतरण होतच नाही. दाता आणि ग्राही यांच्या इलेक्ट्रॉन-अवस्था एकमेकींत मिसळतात, भाराचा काही अंश सरकतो आणि एक नवी जोडी तयार होते. पेंटासीन आणि एफ४-टीसीएनक्यू यांच्या मिश्रणात असे घडत असल्याचे २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. टीटीएफ-टीसीएनक्यूमध्ये उपकारक ठरलेला अपूर्णांक येथे अपायकारक ठरतो, कारण येथे वेगळ्या उतरंडी नाहीत आणि विखुरलेल्या जोड्या भाराला स्वतःजवळच अडकवून ठेवतात.

शेकडा एक भेसळ म्हणजे स्फटिकाच्या रचनेत मोठा हस्तक्षेप होय. परके रेणू आकाराने जुळत नसल्यास रचना बिघडते किंवा ते स्वतःचेच वेगळे पुंजके करतात. वाहकांची संख्या वाढते, परंतु त्यांचा मार्ग खडतर होतो. यावर उपाय म्हणून स्फटिकाच्या केवळ पृष्ठभागावर ग्राहींचा थर देण्याची पद्धत अनुसरली जाते. जपानमधील ओकाझाकी येथील संशोधकांनी २०१७मध्ये रुब्रीनच्या स्फटिकात लोह क्लोराइडची अत्यल्प भेसळ करून त्यातील वाहकांचे मोजमाप चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने प्रसिद्ध केले. मूळ स्फटिक पुरेसा शुद्ध आणि सुघटित असल्यास दशलक्षांश प्रमाणातील भेसळही परिणामकारक होऊ शकते, असा त्याचा मथितार्थ आहे.

इलेक्ट्रॉन देणाऱ्या भेसळीची समस्या आणखी बिकट आहे. सहज इलेक्ट्रॉन देणारा रेणू हवेतील ऑक्सिजन आणि बाष्प यांनाही तो तितक्याच सहजतेने देतो आणि निकामी होतो. हवेत टिकणारे, परंतु उष्णता दिल्यावर क्रियाशील होणारे दाते तयार करणे हा त्यामुळे संशोधनाचा स्वतंत्र विषय बनला आहे.

शुद्धतेचे मोल

या सर्व विवेचनातून एक सूत्र हाती लागते : सेंद्रिय अर्धवाहकाचे मोल केवळ रेणूत नसून त्याच्या शुद्धतेत आणि मांडणीत आहे. बाजारात मिळणाऱ्या ॲन्थ्रासीनमध्ये टेट्रासीनचा अंश बहुधा असतो. शुद्ध ॲन्थ्रासीन निळसर प्रकाश देते, तर टेट्रासीनच्या अत्यल्प अंशाने तो हिरवट होतो. म्हणजे स्फटिकातील ऊर्जा मूठभर परक्या रेणूंकडे ओढली जाते. विद्युतभारही अशाच सापळ्यांत अडकतात. याउलट जर्मनीतील संशोधकांनी १९८०च्या दशकात नॅप्थालीनचे कमालीचे शुद्धीकरण करून त्याचे स्फटिक वाढविले. अतिशीत तापमानाला त्यांतील धनभाराची गतिशीलता शेकडो चौरस सेंटीमीटर प्रति व्होल्ट-सेकंदांपर्यंत गेली. कपाटातील गोळी आणि हा स्फटिक यांचा रेणू एकच आहे, फरक आहे तो शुद्धतेचा.

शुद्धीकरणाच्या पद्धती तत्त्वतः सोप्या आहेत. पदार्थाचा कांड एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पट्ट्यापट्ट्याने वितळवीत नेल्यास अशुद्धी वितळलेल्या भागाबरोबर एका टोकाला जमा होते. किंवा निर्वात नळीत पदार्थाची वाफ करून, क्रमाने थंड होत जाणाऱ्या भागांवर ती पुन्हा जमू दिली, तर निरनिराळे घटक निरनिराळ्या ठिकाणी बसतात. यासाठी लागतो तो वेळ, काटेकोरपणा आणि अनुभवी हात.

या क्षेत्राने प्रामाणिकपणाचाही एक धडा घेतला आहे. २००० ते २००२ या काळात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतून सेंद्रिय स्फटिकांविषयी अनेक खळबळजनक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इतरांना ते पडताळून पाहता येईनात. २००२मध्ये चौकशी समितीने यान हेन्ड्रिक शोन या संशोधकास आकडेवारीतील गैरप्रकारांबद्दल दोषी ठरविले आणि अनेक शोधनिबंध मागे घेण्यात आले. रुब्रीनसारख्या स्फटिकांवर त्यानंतर झालेले, पुनःपुन्हा पडताळलेले कार्य हीच या क्षेत्राची खरी मिळकत आहे.

शोध कोणाचा, लाभ कोणाचा?

ॲन्थ्रासीनच्या स्फटिकातून विजेने प्रकाश मिळतो, हे १९६०च्या दशकातच ज्ञात झाले होते. परंतु त्यासाठी शेकडो व्होल्टचा दाब लागे. १९८७मध्ये ईस्टमन कोडॅक या अमेरिकन कंपनीतील टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांचे दोन अतिशय पातळ थर वापरून १० व्होल्टपेक्षा कमी दाबात प्रकाश मिळविला. ओएलईडी तंत्रज्ञानाचा हा आरंभ होता. पुढे ड्रेस्डेनमध्ये विकसित झालेल्या डोपिंगमुळे आवश्यक विद्युतदाब आणखी घटला. या ज्ञानावर २००१मध्ये स्थापन झालेली नोव्हालेड ही कंपनी २०१३मध्ये कोरियातील सॅमसंग समूहाने सुमारे २६ कोटी युरोंना घेतली. कोडॅकने आपला ओएलईडी व्यवसाय २००९मध्ये कोरियातील एलजी समूहास विकला आणि २०१२मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शोध लावणे आणि शोधाचे फळ पदरात पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये दीर्घकालीन भांडवल, उत्पादनकौशल्य आणि सामग्रीची अखंड साखळी असावी लागते.

भारताचा वारसा आणि वास्तव

सेंद्रिय स्फटिकांचा अभ्यास भारताला नवा नाही. केदारेश्वर बॅनर्जी यांनी १९३०मध्ये नॅप्थालीन आणि ॲन्थ्रासीन यांच्या स्फटिकरचनेविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. के. एस. कृष्णन यांनी १९३०च्या दशकात सुगंधी कुळातील स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांवरून रेणूंची दिशा ठरविण्याचे मूलभूत कार्य केले. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक झाले. अलीकडच्या काळात कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत लवचीक इलेक्ट्रॉनिकीचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आहे, तर बंगळूरच्या संस्थांमध्ये सेंद्रिय अर्धवाहकांवर दीर्घकाळ संशोधन चालू आहे.

उद्योगाची बाजूही दुबळी नाही. कॉपर थॅलोसायनिन या निळ्या रंगद्रव्याच्या प्रमुख उत्पादक देशांत भारताची गणना होते. छपाईची शाई, रंग आणि प्लॅस्टिक यांसाठी ते गुजरातमध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होते. हेच रंगद्रव्य उत्तम सेंद्रिय अर्धवाहकही आहे. टँग यांनी १९८६मध्ये सादर केलेल्या सुमारे एक टक्का कार्यक्षमतेच्या सेंद्रिय सौरघटात एक थर कॉपर थॅलोसायनिनचा आणि दुसरा पेरिलीनच्या संयुगाचा होता. पहिला दाता, दुसरा ग्राही. प्रयोगशाळेतील लहान आकाराच्या सेंद्रिय सौरघटांची कार्यक्षमता त्यानंतर १९ टक्क्यांच्या पुढे गेली आहे.

मग मूल्यवृद्धी आपल्याकडे का झाली नाही? रंगद्रव्य टनावारी विकले जाते, इलेक्ट्रॉनिक दर्जाचा पदार्थ ग्रॅममध्ये. टनावारी उत्पादनाचा नफा कमी आणि त्याचे सांडपाणी मात्र येथेच राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये केलेल्या औद्योगिक परिसरांच्या मूल्यांकनात प्रदूषणाच्या तीव्रतेबाबत अंकलेश्वर आणि वापी हे परिसर सर्वांत वरच्या क्रमांकांवर होते. दुसरीकडे भारतात मोबाइल संचांची जुळणी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली असली, तरी त्यांच्या पडद्यांची पटले मुख्यत्वे आयात होतात.

निळीचा इतिहास येथे आठवल्यावाचून राहत नाही. १८९७मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहारमधील निळीचा व्यापार कोसळला. त्या पडझडीचा भार मळेवाल्यांनी रयतेवर टाकला आणि तीच १९१७च्या चंपारण सत्याग्रहाची पार्श्वभूमी ठरली. कच्चा माल आपला असूनही रेणूचे ज्ञान दुसऱ्याकडे असल्याची किंमत रयतेने मोजली. विशेष असे की, नीळ हीदेखील सेंद्रिय अर्धवाहक असून तिच्यात ऋण आणि धन दोन्ही भार वाहू शकतात, हे ऑस्ट्रियातील लिंझ येथील संशोधकांनी २०१२मध्ये दाखवून दिले.

पुढील दिशा

डिसेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक आणि पडदे यांच्या निर्मितीसाठी ७६,००० कोटी रुपयांच्या कार्यक्रमास मंजुरी दिली. फेब्रुवारी २०२४मध्ये मंजूर झालेल्या गुजरातमधील धोलेरा येथील एकट्या सिलिकॉन प्रकल्पाची गुंतवणूक ९१,००० कोटी रुपये आहे. सिलिकॉनचा मार्ग असा भांडवलप्रधान आहे आणि तो टाळताही येणार नाही. सेंद्रिय अर्धवाहक सिलिकॉनची जागा घेणार नाहीत, कारण त्यांची गती कमी आहे. परंतु पडदे, प्रकाशपट, संवेदक आणि हलके सौरघट या क्षेत्रांत त्यांचे स्थान स्वतंत्र आहे. त्यांच्या सामग्रीच्या निर्मितीला लागणारे भांडवल तुलनेने कमी असून रसायनशास्त्रातील कौशल्य अधिक लागते. ते कौशल्य देशात उपलब्ध आहे.

या दृष्टीने तीन बाबींकडे लक्ष देणे आवश्यक वाटते. पहिली, रंगद्रव्य उद्योगाच्या वसाहतींजवळ सामाईक शुद्धीकरण आणि चाचणी केंद्रे उभारणे. लहान उद्योजकाला निर्वात नळी आणि मापनयंत्रे स्वतः घेणे परवडत नाही. भाडेतत्त्वावर ती मिळाल्यास टनावारी उत्पादनातील एखादा किलो तो इलेक्ट्रॉनिक दर्जापर्यंत नेऊ शकेल. दुसरी, यंत्रे चालविणाऱ्या कुशल तंत्रज्ञांना दीर्घ मुदतीची नेमणूक देणे. उत्तम स्फटिक वाढविण्याचे कसब पुस्तकातून येत नाही, ते एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पाबरोबर माणूस निघून गेला, की ते कसबही निघून जाते. तिसरी, यशाचे मोजमाप बदलणे. किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले, यापेक्षा किती शुद्धतेचा पदार्थ किती वेळा तसाच तयार करता आला, हा निकष अधिक विश्वासार्ह आहे.

सेंद्रिय स्फटिकांचे विज्ञान देवघेवीविषयी एक मूलभूत गोष्ट सांगते. देणारा आहे, घेणारा आहे आणि व्यवहारही झाला आहे, तरीही प्रवाह सुरू होईलच असे नाही. दिलेला भार मोकळा व्हावा लागतो आणि त्यासाठी सभोवतालची रचना अनुकूल असावी लागते. मंजूर झालेल्या निधीचे सामर्थ्यही देशातील संस्था, उद्योग आणि कारागीर यांच्या मांडणीवरच अवलंबून राहील. डांबरातून निघालेला सामान्य रेणू योग्य शुद्धता आणि योग्य शेजार मिळाल्यावर वीज वाहू लागतो. देशातील रसायनज्ञांना आणि तंत्रज्ञांना तशीच अनुकूल परिस्थिती लाभल्यास रंगाच्या टनावारी निर्यातीबरोबर शुद्ध रेणूंच्या ग्रॅमभर निर्यातीलाही भारताच्या व्यापारात मानाचे स्थान मिळू शकेल.